रंगभवनापासून रेसकोर्सपर्यंत

आमच्या विदर्भात गाणे ऐकलेल्या माणसांच्या दोन जाती आहेत. एक नुसती ऐकणाऱ्यांची आणि दुसरी समोर बसून ऐकणाऱ्यांची. पहिल्या जातीचा माणूस सांगतो, "तुकडोजी महाराजांची भजने मला फार आवडतात बरं का." त्याच ओट्यावर बसलेला दुसऱ्या जातीचा म्हातारा यावर नुसता हसतो. मग तंबाखू मळता मळता हळूच म्हणतो, "म्या महाराजाची खंजेरी पाह्यली हाय, बापा!" यावर पहिल्याला उत्तर नसते. महाराजांना जाऊन आता अर्धशतक उलटले. १९६८ साली ते मोझरीला निवर्तले. पण त्यांची खंजेरी डोळ्यांनी पाहिलेला माणूस आजही गावात वेगळ्या मानाने वावरतो. तो 'ऐकली' म्हणत नाही, 'पाहिली' म्हणतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. माझ्या आजच्या लेखाचा सारा प्रपंच त्या एका शब्दासाठी आहे.

लेखाचा विषय मात्र मोझरीहून फार दूरचा, म्हणजे थेट लंडनचा आहे. तिथल्या तीन वादकांच्या एका ताफ्याने १९८० साली मुंबईत येऊन गाणे केले, आणि त्यातला मुख्य गवई ४४ वर्षांनी, डोक्यावर बहात्तर वर्षांचा भार घेऊन, पुन्हा मुंबईत गायला. या दोन मैफलींमध्ये मुंबईत काय बदलले, आणि सावंगी (मेघे) येथला एक मॅट्रिक झालेला शाळामास्तर या भानगडीत कसा सापडला, याचा हा इतिहास आहे.

या ताफ्याचे नाव 'द पोलीस'. हे नाव आमच्या घरी प्रथम उच्चारले गेले तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले होते, "अहो, पोलिसांचं गाणं ऐकायला कोणी पैसे देतो का?" प्रश्न रास्त होता. पण नावावर जाऊ नये. १९७७ साली लंडनमध्ये हा ताफा उभा राहिला. ड्रम वाजवणारा स्टुअर्ट कोपलंड हा अमेरिकन. त्याचे बालपण कैरो आणि बैरूत येथे गेलेले. गिटार वाजवणारा अँडी समर्स वयाने सर्वांत थोरला, १९४२ चा जन्म. आणि बास गिटार वाजवून गाणारा तिसरा तो गॉर्डन समनर. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा स्वेटर घालून तो वाजवायला बसे, तेव्हा गांधीलमाशीसारखा दिसे म्हणून मित्रांनी त्याला 'स्टिंग', म्हणजे नांगी, असे नाव ठेवले आणि तेच जगभर झाले. वॉल्सेंड हे त्याचे गाव जहाजे बांधणाऱ्या मजुरांचे. बाप दूध घालणारा. आणि मला विशेष जवळची वाटणारी गोष्ट ही, की गवई म्हणून नाव होण्यापूर्वी हा माणूस क्रॅमलिंग्टन येथे लहान मुलांच्या शाळेत मास्तर होता. जन्मतारीख २ ऑक्टोबर, साल १९५१. सेवाग्रामच्या सावलीत वाढलेल्या आम्हां वर्धेकरांना ही तारीख विसरू म्हटले तरी विसरता येत नाही!

या मंडळींच्या गाण्याला इंग्रजीत 'न्यू वेव्ह' म्हणतात. आपण नवलाट म्हणू. हा शब्द आधी फ्रेंच सिनेमाचा, मग तो संगीतात आला. मराठी वाचकाला यात बिचकण्यासारखे काही नाही. आपल्याकडे गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांनी कथेचे जुने ठसे मोडले तेव्हा आपण 'नवकथा' म्हटलेच की. इंग्लंडात १९७६-७७ च्या सुमारास बेकारांची संख्या दहा लाखांवर गेली होती. तरुण पोरे चिडलेली होती, आणि त्यांनी 'पंक' नावाचे आरडाओरड्याचे, तीन सुरांच्या जुळणीवर चालणारे गाणे उभे केले. त्या गाण्याचा जोम घ्यायचा, पण त्यात विचार आणि कसब घालायचे, असे ज्यांनी ठरवले ते नवलाटेचे लोक. 'द पोलीस' त्यांतलेच. त्यांनी आणखी एक केले. जमैका बेटावरच्या काळ्या लोकांचा 'रेगे' हा ठेका त्यांनी आपल्या गाण्यात आणून बसवला.

हा ठेका समजल्याखेरीज पुढचे काही समजायचे नाही, म्हणून शिकवण्याची सवय म्हणा, थोडे फळ्यावर लिहिल्यासारखे सांगतो. आपण चार मात्रा मोजतो तेव्हा पहिलीवर जोर देतो : एक, दोन, तीन, चार. रेगेतल्या एका प्रसिद्ध चालीत ही पहिली मात्राच रिकामी सोडतात. ठोका पडतो तो तिसरीवर. ऐकणाऱ्याचा पाय पहिल्या मात्रेला जमिनीवर आपटायला जातो आणि तिथे कोणी नसतेच! अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी तसे होते. आपल्याकडे हा अनुभव अगदीच परका नाही. केरव्यात पाचव्या मात्रेला 'खाली' असते. तिथे टाळी न देता हात नुसता हवेत फिरवतात. 'द पोलीस'चे कौशल्य हे, की वाजवणारे तिघेच असताना त्यांनी गाणे भरून काढण्याचा हव्यास धरला नाही. कोपलंडच्या काठ्या झांजेच्या कडेवर बारीक नक्षी काढत, समर्सची गिटार लांबून घंटा ऐकू यावी तशी उमटून विरे, आणि स्टिंगची बास गिटार दोन सूर बोलून गप्प बसे. त्या गप्प बसण्यात गाण्याची सारी गंमत होती.

प्रारंभी या गंमतीकडे कोणी पाहिले नाही. 'रॉक्सॅन' हे त्यांचे गाणे १९७८ साली निघाले आणि पडले. पुढच्या वर्षी तीच तबकडी पुन्हा काढली तेव्हा लोकांनी ती उचलली. १९७९ च्या उत्तरार्धात 'मेसेज इन अ बॉटल' आणि 'वॉकिंग ऑन द मून' ही दोन गाणी पाठोपाठ इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली. अशा भरतीच्या वेळी कोणीही शहाणा माणूस जिथे पैसा तिथे जातो. या तिघांनी मात्र १९८० साली जगाची फेरी काढली आणि हाँगकाँग, मुंबई, कैरो, अथेन्स अशा गावी गेले, जिथे अशा ताफ्यांची वाट कोणी मळवलेली नव्हती.

१९८० च्या मार्च महिन्यात ते मुंबईस आले. त्यांना बोलावणारी संस्था होती 'टाइम अँड टॅलेंट्स क्लब', म्हणजे धर्मादाय कार्यासाठी निधी जमवणारे महिलांचे मंडळ. आपल्या गावच्या भगिनी समाजाने हळदीकुंकवाच्या हिशेबातून उठून लंडनचा रॉक बँड आणावा, असाच हा प्रकार! जागा धोबीतलावचे रंगभवन. झेवियर कॉलेजच्या शेजारचे ते सरकारी खुले नाट्यगृह. त्याला छप्पर म्हणजे आभाळ. १९७८ साली 'जाझ यात्रा' या उत्सवाची सुरुवात इथेच झाली, आणि पुढे १९८६ पासून देशी पोरांचा 'इंडिपेंडन्स रॉक' हा वार्षिक मेळाही इथेच भरू लागला.

त्या मार्चमध्ये मुंबईत 'द पोलीस'ची तबकडी घरी असलेली माणसे किती असतील? परदेशाहून येणाऱ्या नातेवाइकाने आणली तर आणली, नाही तर नाही. म्हणजे गाणे ऐकायला मिळणे दुर्मीळ, पण गाणारा मात्र आगगाडीच्या स्टेशनापासून चालत जाता येईल अशा जागी, उघड्या आभाळाखाली उभा! पुष्कळांनी त्यांना आधी पाहिले आणि मग ऐकले. ही उलटी तऱ्हा वाचकांनी मनात टिपून ठेवावी, कारण पुढे सारेच फिरणार आहे.

मी तेव्हा पाळण्यात होतो. माझी आणि त्या गाण्याची गाठ १९९४ साली पडली, आणि तिला कारण झाले आमच्या गावचे मेडिकल कॉलेज. १९९० साली सावंगीला हे कॉलेज निघाले आणि कापसाच्या वावरांत वसतिगृहे उभी राहिली. जिथे रात्री आठनंतर कुत्रेसुद्धा भुंकायचा कंटाळा करी, तिथे देशभरातली पोरे स्कूटरी फिरवू लागली. ज्यांना वसतिगृह मानवत नसे ती गावात खोल्या घेत. आमच्या पुढच्या खोलीत मुंबईचा एक विद्यार्थी राहिला होता. वर्ष संपल्यावर त्याने सामान आवरले आणि आईला म्हणाला, "मावशी, हे ओझं आता कुठं नेऊ?" त्या ओझ्यात एक रॉकेलचा स्टोव्ह, दोन बादल्या आणि एक कॅसेट होती. स्टोव्ह आणि बादल्या आईने घेतल्या. कॅसेट माझ्या वाट्याला आली.

माझे इंग्रजी मराठी शाळेतले. गाण्यातले चार शब्द लागत आणि चाळीस निसटत. पण तो रिकामा ठेका माझ्या हाडांत शिरला. कॅसेट अडकली की पेन घालून फिरवायची, फीत तुटली की नखाला लावायच्या रंगाने सांधायची, असे करत ती मी कित्येक वर्षे वाजवली. आमच्या आळीतले भजनी मंडळाचे ढोलकवाले काका एकदा दाराशी थांबले. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "गुरुजीच्या पोरा, हा मानूस मात्रा खाऊन रायला न रे!" मग आणखी थोडे ऐकून म्हणाले, "खाऊन नाई रायला. राखून ठेवून रायला." मी त्यानंतर इंग्रजी संगीतावरचे पुष्कळ लेखन वाचले, परंतु इतके नेमके समीक्षण मला आढळले नाही.

'मेसेज इन अ बॉटल'चा अर्थ मला पुढे कोश घेऊन लागला. ओसाड बेटावर अडकलेला एक माणूस चिठ्ठी बाटलीत घालून समुद्रात सोडतो. वर्ष जाते, उत्तर येत नाही. आणि एका सकाळी किनाऱ्यावर पाहतो तो अगणित बाटल्या! साऱ्या जगात त्याच्यासारखेच एकटे लोक आपापल्या चिठ्ठ्या सोडत बसलेले. हे वाचल्यावर मला वाटले, लंडनहून सोडलेली एक बाटली तरंगत तरंगत आमच्या पुढच्या खोलीत येऊन लागली, आणि इथे तर जवळपास समुद्रही नाही.

माझ्या हाती कॅसेट आली तेव्हा ताफा केव्हाच मोडला होता. १९८३ साली 'सिंक्रोनिसिटी' ही त्यांची शेवटची मोठी ध्वनिमुद्रिका निघाली. तीतले 'एव्हरी ब्रेथ यू टेक' अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. कित्येक लोक ते प्रेमगीत समजून लग्नात वाजवतात. वस्तुतः ते पाळत ठेवणाऱ्या मनाचे गाणे आहे, आणि ताफ्याचे नाव पाहता ते योग्यच म्हणावे! यशाच्या ऐन शिखरावर तिघांचे आपसांत पटेना आणि ते पांगले. स्टिंग एकट्याने गाऊ लागला. १९८८ च्या सप्टेंबरात मानवी हक्कांसाठी निघालेल्या अॅम्नेस्टीच्या फेरीत तो दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर गायला. तिघे पुन्हा एकत्र आले ते २००७ साली. वर्षभर जग फिरले आणि ७ ऑगस्ट २००८ रोजी न्यूयॉर्कला शेवटचे गाऊन त्यांनी ती फेरी संपवली. त्या फेरीत भारत नव्हता.

इकडे रंगभवनाचे काय झाले? २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतताक्षेत्र ठरले. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, जवळच कामा रुग्णालय आणि किल्ला कोर्ट. २००३ च्या सुमारास तिथले ध्वनिक्षेपक थांबले आणि त्याबरोबर मैफलीही थांबल्या. नियम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. आजाऱ्याच्या उशाशी ढोल वाजवू नयेत हे शाळामास्तराला कळते. पण रंगभवन बंद झाले तेव्हा त्याच्यासारखी दुसरी जागा, स्टेशनाजवळची, सरकारी, विद्यार्थ्याच्या खिशाला झेपेल अशी, शहराने शोधून ठेवली नव्हती. मोठी गाणी मग मोठ्या मैदानांवर गेली, आणि मोठ्या मैदानांच्या मागे मोठी तिकिटे आली.

२०२४ च्या जानेवारीत महालक्ष्मी रेसकोर्सवर 'लोलापलूझा' नावाचा दोन दिवसांचा संगीतोत्सव होता, आणि २८ तारखेस, रविवारी, स्टिंग गाणार होता. तिकीट हजारांच्या घरातले. एका कादंबरीचे मानधन आले होते ते मी सौभाग्यवतींसमोर ठेवले. त्या म्हणाल्या, "जा. पण एकटे नका जाऊ, गर्दीत हरवाल. मी येते." अशा रीतीने दोन तिकिटे झाली, मानधन संपले आणि आम्ही वर्ध्याला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो. सोबत डब्यात धपाटे.

सकाळी मुंबईस उतरल्यावर प्रथम चालत रंगभवन पाहून आलो. फाटक बंद होते. आत झाडांची पाने पडलेली. पहारेकऱ्याला विचारले, "इथं गाणी होत होती ना?" तो म्हणाला, "साहेब, मी लागलो तेव्हापासून तर शांतताच आहे."

संध्याकाळी रेसकोर्सवर जी गर्दी पाहिली तीत माझ्या शाळेतल्या मुलांहून थोडी मोठी असलेली पोरे पुष्कळ होती. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, आणि त्यात स्टिंगची सगळी गाणी, जवळजवळ फुकट. आमच्या सावंगीतही आज तसेच आहे. जे गाणे मिळवायला मला सांधलेली फीत लागली ते कोणत्याही मुलाला बोटाच्या टोकावर मिळते. पण गाणारा माणूस पाहायला साडेसातशे किलोमीटर आणि एका पुस्तकाची कमाई! १९८० साली ऐकणे दुर्मीळ होते आणि पाहणे वाटेवर होते. २०२४ साली ऐकणे पाण्यासारखे स्वस्त झाले आणि पाहणे केशराच्या भावाने गेले. या ४४ वर्षांचा हिशेब मांडायचा तर तो एवढाच आहे.

मग तो आला. सडसडीत अंगाचा म्हातारा, गळ्यात रंग उडालेली जुनी बास गिटार. 'पोलीस'मधले दुसरे दोघे सोबत नव्हते, ते मी जाणून होतो, तरी पहिली काही मिनिटे डोळे त्यांना शोधत राहिले. 'मेसेज इन अ बॉटल' सुरू झाले तेव्हा हजारो माणसे एकदम गाऊ लागली. बहात्तर वर्षांचा गळा. जिथे कॅसेटमध्ये सूर वर झेप घेई, तिथे काही जागी तो आता वळसा घालून जात होता. बालगंधर्वांच्या उतारवयात त्यांचे गाणे ऐकलेले लोक सांगत, की आवाज थकला होता पण जागा चुकत नव्हत्या. तेच इथे होते. झेप गेली होती, पण कुठे थांबावे हे ठाऊक होते.

आणि मग 'रॉक्सॅन'मध्ये मी ते पाहिले. त्याचा उजवा हात तारांवरून उचलला गेला आणि हवेत थांबला. एक मात्रा गेली. हात खाली आला नाही. सारे मैदान त्या हाताकडे पाहत तोलून राहिले. मग तो पडला, आणि सगळ्यांचा श्वास सुटला. तीस वर्षे मी ती रिकामी मात्रा ऐकत आलो होतो. पण रिकामी मात्रा कानांना फक्त अभाव म्हणून कळते. ती कोणीतरी मुद्दाम, स्वतःच्या हाताला आवरून, राखून ठेवलेली असते, हे डोळ्यांनाच दिसते. शेजारी सौभाग्यवती उभ्या होत्या. त्यांनी आयुष्यात त्या माणसाचे एकही गाणे हौसेने ऐकले नव्हते. त्या म्हणाल्या, "अहो, ढोलकवाले काका म्हणाले होते ते हेच का?" मी नुसती मान हलवली.

मराठी माणसाला हे नवे नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. एका रंगमंचावर धैर्यधर झालेले केशवराव भोसले आणि भामिनी झालेले बालगंधर्व. पुढे तीन महिन्यांत केशवराव गेले. चालू प्रयोग ध्वनिमुद्रित करण्याची त्या काळी सोय नव्हती. दोघांच्या तबकड्या आहेत, त्या रात्रीची तबकडी नाही. तरी शंभर वर्षे ती रात्र मराठी घरांतून सांगितली जाते, ती केवळ पाहिलेल्यांच्या जिभेवर. तिथेही कारण धर्मादायाचे होते आणि रंगभवनातही तेच होते, हा योगायोग मला सुखावतो. चांगल्या कामासाठी घातलेल्या मांडवात कधीकधी फार मोठी माणसे उभी राहून जातात.

परत आल्यावर मी एक उद्योग केला. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळेत गावातला एखादा वाजवणारा किंवा गाणारा बोलवायचा, मुलांना समोर जमिनीवर बसवायचे, आणि ध्वनिक्षेपक लावायचा नाही. तिकीट नाही, भाषण नाही, शालही नाही. चहा तेवढा असतो. पहिल्या शनिवारी ढोलकवाले काका आले. आता हात थरथरतो, पण थापेवर आला की स्थिर होतो. त्यांनी भजनी ठेका धरला, मग डोळे मिचकावून एक मात्रा राखून ठेवली. चौथीतली एक चिमुरडी गुडघ्यांवर उठून म्हणाली, "सर, हात तं थांबला!"

काकांनी तिच्याकडे पाहिले आणि तीच मात्रा तिच्यासाठी पुन्हा राखून ठेवली.